परवडेल

“माफीबिफी मागू नकोस,” इमोजेनने फोनवर पुन्हा बजावलं. “माफी मागितलीस की चूक कबूल केलीस. चूक कबूल केलीस की वकील आलेच. गोड बोल, बिस्किटं खा, सही घे आणि ये.”

क्लेमंट हॅलिवेल ईस्टबोर्न स्टेशनाबाहेर उभा होता. समुद्रावरचा वारा त्याची छत्री उलटी करू बघत होता आणि क्लेमंटला वाटत होतं, वाऱ्याचं काही चुकत नाही.

“बरं,” तो म्हणाला. इमोजेन त्याच्या मालिकेची निर्माती, आणि निर्मातीबाईंना तो नेहमी ‘बरं’च म्हणायचा. माफी मागायचं मात्र त्याने गाडीत बसतानाच ठरवलं होतं.

क्लेमंटने टीव्हीसाठी मालिका लिहिली होती. वाळवंटातल्या त्या युद्धात देश कसा उतरला, बंद दाराआड कोण काय बोललं, याची. दाराआडचे कागद सरकारने कुलपात ठेवलेले. तेव्हा दाराआडचं बोलणं क्लेमंटने मनानेच लिहिलं. शेवटच्या भागात एक बैठक आहे. संरक्षणमंत्री सर ऑब्रे पेनफोल्ड विचारतात, “आपली किती मुलं मरतील?” सेनाप्रमुख म्हणतात, “चारशेच्या आसपास.” सर ऑब्रे चहात साखर ढवळतात आणि म्हणतात, “परवडेल.”

भाग रविवारी लागायचा होता. पण जाहिरातीत नेमका तेवढाच तुकडा दाखवला आणि ‘परवडेल’ देशाच्या तोंडी बसलं. टी-शर्टांवर छापून आलं. पार्लमेंटात रेल्वेच्या भाड्यावर बोलताना एकाने ते वापरलं आणि दोन्ही बाजू हसल्या. क्लेमंटला आयुष्यात एवढी दाद मिळाली नव्हती आणि एवढी वाईट झोपही. एका जिवंत माणसाच्या तोंडात, त्याच्या खऱ्या नावानिशी, त्याने ते वाक्य कोंबलं होतं. आता सर ऑब्रेंनी लेखी हरकत घेतली, तर तो प्रसंग कापावा लागणार होता. ‘हरकत नाही’ म्हणून सही दिली, तर राहणार होता.

दार सर ऑब्रेंनीच उघडलं. ऐंशी ओलांडलेले, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर.

“तुम्हीच का ते हॅलिवेल? मला वाटलं होतं, जरा दुष्ट दिसत असाल.”

“सर, मी...”

“बसा आधी. त्या खुर्चीत नको, ती मांजराची आहे. चावतं. मंत्रिमंडळातली माणसं बरी, चावण्याआधी निदान पाठ फिरायची वाट बघायची.” त्यांनी चहा ओतला. “साखर?”

क्लेमंटला चहात साखर लागायची. पण या घरात ती मागायची त्याची छाती झाली नाही.

“बाहेर फार त्रास होतोय का तुम्हाला?” त्याने विचारलं.

“छे हो! मासेवाला कॉड तोलतो, भाव सांगतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो. चर्चमध्ये दानाची थाळी माझ्यापुढे आली की अख्खी रांग कान टवकारते. काय करणार, दहा पौंडांची नोट टाकावी लागते. पाद्रीबुवा बेहद्द खूश आहेत तुमच्यावर.”

क्लेमंटला हसू येईना. “तुम्ही माझ्यावर ओरडलात तर बरं वाटेल मला.”

“ओरडायचं वय गेलं. आता नुसता खोकतो.”

“आणि घरची माणसं?”

“एक मुलगी आहे. युद्ध झाल्यापासून बोलत नव्हती माझ्याशी. तिच्या मैत्रिणीचा मुलगा गेला होता तिकडे. परत आला नाही.” सर ऑब्रेंनी कप बशीत नीट सरळ ठेवला. “जाहिरात लागली त्याच दिवशी फोन आला तिचा. ‘बाबा, हे असं झालं होतं?’ एवढंच विचारलंन.”

“मग?”

“हो म्हटलं. रविवारी जेवायला येतेय. भागही इथेच बघणार आहे.”

“हे ऐकूनही?”

“हे ऐकून.”

क्लेमंटने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. “पण सर, हो कसं म्हणालात? अहो, तुम्ही ते म्हणालाच नव्हतात! मी बनवलंय ते. स्वयंपाकघरात बसून बनवलंय. मला शेवट सापडत नव्हता!”

“माहीत आहे मला. मी होतो ना तिथे.”

मग क्लेमंटला राहवलं नाही. इमोजेनने बजावलेलं सगळं त्याने एका दमात मोडलं. चूक कबूल केली, माफी मागितली, वर डोळेही पुसले. “तुमच्या नावाला काळं फासलं मी. पोटच्या पोरीपुढे माझं पाप तुम्ही अंगावर घेतलंत. तो प्रसंग मी कापतो. आत्ता फोन लावतो. इमोजेन माझी सालटी काढेल, काढू दे!”

सर ऑब्रेंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. पकड अजून जुन्या मंत्र्याची होती.

“फोन ठेवा खाली. सही कुठे करू?”

“नका करू, सर. लोक थुंकतील तुमच्यावर.”

“थुंकू देत. आणि तुमच्या मनाला एवढंच लागत असेल, तर ते ‘परवडेल’ काढून टाका. त्याच्या आधीचं माझं वाक्य मात्र राहू द्या. मुलगी त्यासाठीच येतेय.”

“आधीचं?” क्लेमंटला ते चटकन आठवेना. “आधी काय होतं?”

सर ऑब्रेंनी चष्मा लावून सावकाश सही केली. शाई वाळेपर्यंत कागदाकडे बघत राहिले.

“त्या दिवशी खोलीत चहा होता, साखर होती, सेनाप्रमुख होते,” ते म्हणाले. “आपली किती मुलं मरतील, हे तेवढं कोणी विचारलं नव्हतं.”