पाचवी पिशवी

"दिनानाथ कोण?"

नर्स दारात उभी होती. दिनानाथ बाकावरून उठला.

"तुम्ही होय! मावशींना सकाळी विचारलं, मिस्टरांचं नाव काय, तर नुसत्या हसल्या. दाराबाहेर बोट दाखवलं. नाव शेवटी तुमच्या मुलीकडून कळलं." मग तिचा आवाज बदलला. "डॉक्टर बोलावतायत. आत या."

डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. उमा गेली होती.

दिवाळी नुकतीच संपली होती. तेराव्यानंतर मुलगी राजसी अंबरनाथला सासरी परत निघाली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, यंदा नाताळाला देण्याघेण्याचं मनात आणू नका. तुम्ही नुसते या."

राजसीचं सासर ख्रिस्ती. तिच्या लग्नापासून दर नाताळाला उमा त्या घरातल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी द्यायची. बाजारातलं कुणीही देतं, असं तिचं म्हणणं.

कात्रपच्या आपल्या घरी दिनानाथने तिचं कपाट आवरायला काढलं, तेव्हा खालच्या कप्प्यात पाच पिशव्या निघाल्या. जुन्या साडीच्या, हाताने शिवलेल्या. चार पिशव्यांवर साखळी टाक्याने नावं काढली होती. राजसी, जावई ॲलन, नात हिमानी आणि विहीणबाई फिलोमिना. पाचवी कोरी होती.

राजसीची पर्स, ॲलनची टोपी, हिमानीची क्रोशाची बाहुली तयार होती. विहीणबाईंच्या करड्या शालीला मात्र तीनच बाजूंनी किनार होती. चौथी राहिली होती. कोऱ्या पिशवीत त्याच करड्या लोकरीचा मफलर होता. तोही थोडासा राहिलेला.

दिनानाथने शाल मांडीवर घेतली. उमाने आजवर कुणाला अर्धवट काही दिलं नव्हतं. तो तिची क्रोशाची सुई घेऊन शेजारच्या कौसाबाईंकडे गेला.

"तुम्ही?" कौसाबाई हसल्या. "जन्मभर लेथवर लोखंड कापलंत. सुई वाकवाल माझ्या देखत."

"शिकवा तर खरं."

"शिकवते. पण चुकलात की बोटांवर फटका देणार हां."

रोज दुपारी तो त्यांच्या दारात स्टुलावर बसू लागला. साखळीचा टाका लवकर जमला, खांबाचा जमायला वेळ लागला. त्याचा टाका घट्ट पडायचा.

"हात ढिला सोडा, भाऊ. इतकं धरून ठेवायला ती काय पळून जातेय?" कौसाबाई एकदा म्हणाल्या, आणि मग चहा टाकायला आत गेल्या.

लोकरीने दिनानाथच्या अंगाला खाज सुटायची. थंडीतही तो स्वेटर घालत नसे. ही लोकर मात्र बोटांना मऊ लागत होती. विणताना कधी कधी शालीला उमाच्या केसांच्या तेलाचा वास यायचा. मग तो हात थांबवायचा.

किनार निम्मी झाली आणि लोकर संपली. तो उल्हासनगरला मुकेशच्या दुकानात गेला. उमा लोकर तिथूनच घ्यायची. मुकेशने तुकडा उजेडात धरला.

"ये माल तो खतम, काका. आता शेड वेगळा येतो. काकींनी खास मागवला होता. बोलल्या, मऊवाला पायजे, चुभना नहीं चाहिए, घरात एकाला लोकर टोचते."

विहीणबाईंची कातडी नाजूक असेल, असं दिनानाथला वाटलं. "दुसऱ्या कुणाकडे मिळेल?"

"पूरा मार्केट फिरो. नहीं मिलेगा."

दुसऱ्या दिवशी तो कौसाबाईंकडे मफलर घेऊन आला. "हा उसवतो."

"असू द्या हो. कुणासाठी तरी केला असेल ना तिनं?"

"नाव कुठाय पिशवीवर? तिचं ठरलं नसेल अजून. शालीच्या पिशवीवर नाव आहे."

कौसाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

त्याने टोक धरून ओढलं. उमाचे टाके एकामागोमाग सुटत गेले. काहीच जोर लावावा लागला नाही. वळ्या पडलेली लोकर गुंड्यावर येत राहिली आणि मफलर संपेपर्यंत त्याने वर पाहिलं नाही.

नाताळाच्या सकाळी तो अंबरनाथला पोहोचला. कोऱ्या पिशवीत त्याने सुई आणि उरलेली लोकर घेतली होती. वाटेत एखादा टाका सुटला तर असावी म्हणून.

हिमानीने बाहुली काखोटीला मारली. ॲलन घरातच टोपी घालून फिरू लागला. फिलोमिनाबाईंनी शाल पांघरली आणि किनार बोटांनी चाचपली.

"ही एक बाजू दुसऱ्या हाताची वाटते."

"माझी आहे."

"घट्ट झालीय." त्यांनी शाल आणखी जवळ ओढली. "पण ऊब आहे हो."

राजसी पाणी आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

फिलोमिनाबाईंची नजर दिनानाथच्या हातातल्या पिशवीवर गेली. "आणि तुमचा मफलर कुठाय, व्याहीबुवा? घालायला लाजता काय?"

"माझा?"

"मग कुणाचा? दिवाळीत मी तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा माझ्यासमोरच शिवली त्यांनी ही पिशवी, तुमच्या मफलरसाठी. मी म्हटलं, सगळ्यांची नावं काढलीत, ह्यांचंच राहिलं. द्या इकडे, मी काढते. तर पिशवी ओढूनच घेतली माझ्या हातातून." त्या हसल्या. "म्हणाल्या, लग्नातल्या उखाण्यानंतर मी त्यांचं नाव घेतलेलं नाही. कोरी बघितली की ओळखतील ते."

दिनानाथने शालीच्या चौथ्या किनारीकडे पाहिलं. मग पिशवीत हात घातला. तळाशी करड्या लोकरीचा लिंबाएवढा गुंडा होता.

एवढ्या लोकरीत मफलर होत नाही.