दुसरी किल्ली

"तुमच्याकडे कुलपं उघडायचं सामान आहे म्हणे," वरच्या मजल्यावरचे पेठे दारातूनच म्हणाले. त्यांच्या हातात पितळी कुलूप होतं. गेलेल्या बायकोच्या पाटल्या ट्रंकेतून नाहीशा झाल्या होत्या, आणि कुलूप मात्र जसंच्या तसं लावलेलं होतं. किल्लीशिवाय कुलपं उघडायचा माझा छंद सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. चोर कोण, हे ठरवूनच ते आले होते.

राग आला, पण मी भांडले नाही. भिंगातून कुलपाच्या आत नीट पाहिलं. मग त्यांच्यासमोरच ते लावलं आणि बारीक हूक आत घातला. कुलपाचा आतला भाग किंचित वळला आणि अडकला. समोर बसलेले पेठे पुढे झुकले.

"हे फसवं वळण," मी म्हणाले. "आतल्या पिना मुद्दाम रिळासारख्या, मध्ये बारीक असतात. उघडलंसं वाटतं आणि तिथेच अडकतं. असंच एक कुलूप घेऊन मी दिवाळीपासून बसलेय. अजून उघडलेलं नाही."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. "हा ओरखडा आत्ताचा, माझ्या हुकाचा. मघाशी आत एकही नव्हता. तुमचं कुलूप किल्लीनेच उघडलंय. दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

"मुलाकडे," ते म्हणाले, आणि बराच वेळ भिंग डोळ्यापासून हललं नाही.

शेवटी कुलूप खिशात टाकून ते उठले. दाराशी थांबले.

"वहिनी, हे कुलूप तुम्हाला उघडता येतं, असं एकदा म्हणा ना."