लांबड्या पोराचा भोपळा

धरणाच्या दारात अडकलेला ओंडका काढायला सव्वासहा फुटी पाणबुड्या रवींद्र दोनदा उतरला. दोन्ही वेळा पाय खाली लोंबले, गाळ ढवळला, काही दिसेना. पाठीवर तरंगत ठेवणारी हवेची पिशवी तर धरणाच्या साहेबांनी सगळ्यात मोठी दिलेली!

काठावरून त्याचे वडील धर्माजी उठले. अख्ख्या बोरी गावाची पोरं त्यांनी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवलेली. "मोठी नगं सायेब, लांब द्या. लांबड्या पोराचा भोपळा कमरंपाशी बांधत्यात."

साहेबांनी कमरेपर्यंत पोचणारी लांब पिशवी दिली. तिसऱ्या बुडीला रवींद्र खाटेवर पालथं पडावं तसा पाण्यात आडवा राहिला. ओंडका सुटला. तो वर आल्यावर दार उघडलं, काठावर शिट्ट्या घुमल्या.

साहेब खूश. "बाबा, आता तुम्हीही मारा एक बुडी!"

धर्माजी दोन पावलं मागं सरले. "छ्या! मला कुटं पवता येतंय?"