तीन टकटक आणि एक

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. सूनबाईने हौसेने घेतलेला फ्रिज महिन्याभरातच टकटक करू लागला. तीनदा, मग जरा थांबून एकदा. सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "आज आवाज गेला नाही, तर उद्या फ्रिज जाईल."

दुपारी मेकॅनिक आला. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक फ्रिजला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. हीच त्याची नाडीपरीक्षा.

"वहिनी, प्लग काढा."

प्लग निघाला. घरघर थांबली, टकटक थांबली नाही.

"अहो, वीज नसताना कसा वाजतोय?"

त्याने पुन्हा मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकत राहिला आणि मग, का कोण जाणे, त्याने फ्रिजच्या दारावर बोटाने तसंच वाजवलं. तीनदा, मग एकदा. जणू ओ दिली.

टकटक बंद झाली.

"झालं काम," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो जिना उतरला तेव्हा त्याच्यामागून टकटकही पायरी पायरीने उतरताना सूनबाईने ऐकली. तिने अवाक्षर काढलं नाही. फ्रिज वाचला होता ना!

फ्रिज पुढे एकवीस वर्षं चालला. सासूबाई नव्वदी गाठून सुखाने गेल्या. मेकॅनिक मात्र अठ्ठ्याहत्तर सालीच अंथरुणाला खिळला, तो उठलाच नाही. तो गेल्यावर त्याची बायको दारात आली.

"ताई, खरं सांगा, तुमच्याकडून त्यांनी काय आणलं होतं?"

"काही नाही हो," म्हणत सूनबाईने कडी लावली.

बाईची पावलं जिना उतरून गेली. मग दारावर टकटक झाली. तीनदा.

चौथीची वाट बघत सूनबाई कडी धरून उभी राहिली.