मुलाकडचा स्टेंट

“एक?” लोटन आबा खाटेवर ताठ उठून बसले. छातीला चिकटवलेल्या तारा ताणल्या गेल्या. “माले एक, अन् नानासले तीन?”

शेजारच्या खाटेवर सुपडू नानांनी डोळे गच्च मिटून घेतले. चूक त्यांच्या बायकोची होती. अमळनेरहून भेटायला आलेल्या जावेला प्रमिलाबाई मोठ्या तोऱ्यात सांगून बसल्या, की आमच्या यांच्या काळजात चांगले तीन स्टेंट बसवले, शेजारी आबांना एकच. दोन खाटांच्या मधे होता तो फक्त एक हिरवा पडदा, आणि पडद्याआडचे व्याही जागे होते.

नानांना झटका आला तो लेकीच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना. त्यांना तातडीने धुळ्याला आणलं, बंद पडलेली नस उघडली. दुसऱ्या दिवशी सोनगीरहून लोटन आबा, म्हणजे होऊ घातलेल्या जावयाचे वडील, रीतीप्रमाणे मोसंबी घेऊन भेटायला आले. दवाखान्याचा जिना चढले आणि नानांच्या खाटेशी येऊन, छाती धरून खालीच बसले. भेटायला आलेला माणूस शेजारीच भरती झाला. मोसंबी त्याच्याच उशाशी राहिली.

तसे आबा म्हणजे देवमाणूस. फक्त मानपानाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं. साखरपुड्यात त्यांच्या मेहुण्याला टोपी मिळाली आणि टॉवेल द्यायचा राहिला. तेवढ्यावरून पुरता महिनाभर सोनगीरचा फोन बंद. शेवटी नाना स्वतः टॉवेल घेऊन गेले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पण टॉवेल बाजारात मिळतो. स्टेंट कुठून आणायचा?

आरडाओरडा ऐकून डॉक्टर हेमांगी आल्या.

“आबा, सही घेण्याआधी मी दोघांनाही समजावलं होतं,” त्या म्हणाल्या. “झटका ज्या नसेमुळे आला, ती दोघांचीही उघडली. बाकीच्या नसा जरा अरुंद आहेत. त्या आत्ताच उघडायच्या, की गोळ्यांवर ठेवायच्या? तुमच्या वयाच्या माणसांना काय मानवतं, त्यावर तर आमचा अभ्यास चालू आहे. आणि कोणाला काय मिळणार ते मी ठरवत नाही. कॉम्प्युटर ठरवतो. चिठ्ठी काढल्यासारखं.”

“कॉम्प्युटर कोनाकडना शे?” आबांनी विचारलं. “नवरीकडना का?”

डॉक्टरांनी हसू कसंबसं दाबलं. “तो कुणाकडचाच नाही. तुम्हाला अभ्यासात राहायचं नसेल तर खुशाल सांगा. उपचारात काही फरक पडणार नाही.”

“ते मंग देखसूत. पन लगीन आते ऱ्हाऊ द्या. आम्ही पोऱ्याकडना शेतस. आठेच आमना असा मान, त मांडवमा काय व्हई?”

नानांनी डोळे उघडले. त्यांच्या नूतनने आबांच्या प्रेमराजला स्वतः पसंत केलं होतं. त्याचा फोन आला की पोर अंगणात जाऊन बोलायची आणि हसत हसत घरात यायची. हे हसू बघून नानांचा दिवस सार्थकी लागायचा. आता बापाच्या छातीतल्या दोन जास्तीच्या नळ्यांपायी लेकीचं लग्न मोडायचं?

“ताई,” त्यांनी हळूच डॉक्टरांना विचारलं, “मनाम्हातला एक काढीसन आबासले बसाडता येई का?”

“अहो नाना, काहीतरीच काय!” म्हणत डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्या.

भेटीची वेळ संपली. प्रमिलाबाईंना बाहेर काढण्यात आलं, तेही त्यांच्या भल्यासाठीच. सगळीकडे सामसूम झाल्यावर पडदा हलला आणि फटीतून आबांचं तोंड दिसलं. त्यावर राग औषधालाही नव्हता.

“नाना, जागा शेतस का?”

“शे ना.”

“खरं सांगू? मान गया चुलामा. माले भ्याव वाटस. तुमनं बठ्ठं नीट करं, अन् मनं अर्धंच सोडी दिधं. मी मांडवमा आडवा पडनू, त पोरेसना आनंदनी माती व्हई. म्हनीसन म्हनं, ऱ्हाऊ द्या.”

नानांनी पडदा आणखी थोडा सारला.

“आबा,” ते म्हणाले, “माले बी झोप लागत नही. तुमनं एकमा भागनं, अन् माले तीन लागनात. मी म्हंतलं, मनं काळीज कितलं सडेल व्हई!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी आबांना हसू फुटलं, मग नानांना. दोन्ही म्हातारे असे खदखदले, की उशाशी ठेवलेली दोन्ही यंत्रं एकदमच कोकलू लागली. डॉक्टर हेमांगी धावत आल्या.

“काय झालं? दुखतंय का?”

“नही वो ताई,” नाना डोळे पुसत म्हणाले. “एक सांगा. एकवाला बरा का तीनवाला?”

“खरं सांगते, मलाही माहीत नाही. ते कळायला तुम्ही दोघेही हवेत. दरवर्षी तपासणीला यायचं. पाच वर्षांनी निकाल लागेल.”

“पाच वरीस?” आबांचे डोळे चमकले. “म्हंजे तवलोंग आम्ही दोन्ही तुमले लागसूत?”

“लागणार म्हणजे काय! मधेच दांडी मारलेली चालणार नाही.”

आबांनी उशाजवळचं मोसंबं उचललं, सोललं, आणि निम्मं पडद्याच्या फटीतून व्याह्याच्या हातावर ठेवलं.

“नाना, तारीख बदलू नका. निकाल आयकाले आपन नातूले संगे लई येसूत.”

मग ते डॉक्टरांकडे वळले. आवाजात जुनी जरब परत आली.

“पन ताई, निकाल पहिले आमले सांगाना. आम्ही पोऱ्याकडना शेतस.”