असा फोन

बाजाराच्या दिवशी तांड्यावरचे प्रेमदास राठोड काठी टेकत कळमनुरीच्या मोबाईलच्या दुकानात आले. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. सेल्समन चिन्मय तेव्हा आठ महिने न खपलेला एक हँडसेट कंपनीला परत धाडायला खोक्यात भरत होता.

“बटन दाबलं की आकडा बोलून दाखवणारा फोन पाहिजे,” प्रेमदास म्हणाले. “पोरगी नांदेडला दिली, तिथं तिला लई तकलीफ हाय. पर नंबर दाबायला शेजाऱ्याला बोलवा लागते. तो तिथंच उभा राहून समदं आयकते, अन् मंग ती काईच सांगत न्हाई.”

“असा फोन अजून निघालाच नाही, काका.” चिन्मयनं मान वर केली नाही.

“बराबर पाहून सांग, लेकरा.”

“पाच वर्षं झाले, हेच करून राहिलो. मला माहीत नाही असा फोन नाही.”

प्रेमदास काठीनं पायरी चाचपत खाली उतरले. चिन्मयनं खोक्याला टेप लावला आणि परतीच्या कागदावर कारण लिहिलं:

 

“बटण दाबलं की आकडा ओरडतो. आवाज बंद होत नाही.”