दाबायला माणूस

बोल्ट फिरत होता, सुटत मात्र नव्हता.

भावकूने पुन्हा एकदा किल्ली लावून जोर दिला. बोल्ट गरागरा फिरला आणि होता तिथेच राहिला. मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपची ही खोडच असते. तळाचा बोल्ट फिरवला की आतली दांडीही त्याच्याबरोबर फिरते. तिला अडवायचं तर दुसऱ्या कुणाला तरी वरून शॉकअप दाबून धरावा लागतो. एकाने दाबायचं, एकाने फिरवायचं. भावकू एकटाच होता.

अंगणात पोतं अंथरून त्याने सगळा पसारा मांडला होता. इंजिनाखाली दगड दिलेला, पुढचं चाक भिंतीला टेकवलेलं. दोन्ही शॉकअप बाहेर काढून त्यांतलं जुनं तेल त्याने डब्यात ओतलं, तेव्हा त्या काळ्या पाण्याची त्याची त्यालाच लाज वाटली. तेल अडवणारे नवे रबरी सील निपाणीहून आणून ठेवले होते. खरं तर हे काम गॅरेजवाल्या मष्णूचं. पण मष्णू मेव्हणीच्या लग्नाला खानापूरला गेलेला, आणि भावकूची बायको मनुबाई तर उद्याच येणार होती.

मनुबाई पुण्याला लेकाकडे गेली ती सुनेच्या बाळंतपणापुरती. मग बारसं झालं की येते म्हणाली, मग नातीला दात आले की. आता ती नात, चिन्मयी, शाळेच्या गाडीतून आजीला टाटा करायला शिकली होती. मधे एकदा मनुबाई चार दिवस येऊन गेली. तेव्हा सीमेचा वाद पुन्हा तापला होता आणि पुण्याची एसटी कोगनोळीच्या नाक्यापर्यंतच येत होती. तिथून भावकूने तिला गाडीवर बसवून आणलं. वाटेत खड्डा आला रे आला की पुढचं चाक धाडकन आपटायचं. माझी कंबर गेली, ह्या गाडीवर मी पुन्हा बसायची नाही, असं ती दारात उतरताना म्हणाली. ती बोलली आणि विसरली. भावकूच्या मात्र ते डोक्यात बसलं. जणू काही बाई पुण्यात अडकून पडली होती ती या शॉकअपपायीच.

पूर्वी एकदा सील बदलले होते, तेव्हा दाबायला मनुबाईच होती. पदर खोचून, दोन्ही तळहात टेकून तिने अंगाचा सगळा भार टाकला होता, आणि बोल्ट सुटेपर्यंत नवऱ्याला एकसारखी बोलत राहिली होती.

भावकूने शॉकअप उभा धरून पोटाने दाबून पाहिला, तर हात तळापर्यंत पोचेना. मांड्यांत धरला, तर तेलामुळे निसटला. शेवटी तो आडवा केला, एक टोक जोत्याला टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला छाती लावणार, एवढ्यात बादलीवर ठेवलेला मोबाईल वाजला. हात तेलाने बरबटलेले, म्हणून त्याने करंगळीने फोन घेतला आणि स्पीकर लावला.

मनुबाईच होती. ती आधी चिन्मयीच्या खोकल्याचं बोलली, मग सुनेच्या ऑफिसचं. एवढी वळणं घेऊन ती कुठे पोचणार ते भावकूला आधीच कळलं. सुनेला रजा मिळाली नव्हती. पोरीला कुणाजवळ ठेवायचं? आता पुढच्या महिन्यात बघू.

भावकू बरं म्हणाला. काही करून ये, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग पोरीचं काय, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला फार एकटं वाटलं. उठायला गेला तो धक्का लागून शॉकअप फरशीवर खणखणत गडगडला.

पलीकडे मनुबाई बोलता बोलता थांबली.

"शॉकअप खोललायसा व्हय?"

"तेल गळत होतं जरा."

"मग दाबायला कोण हाय?"

भावकूने रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. कुणी नाही म्हटलं असतं तर तिला घास गोड लागला नसता.

"मष्णू हाय की."

"बोलंना झालाय त्यो."

"तोंडात तंबाखू हाय त्येच्या."

मनुबाईच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "त्येला म्हणावं, नुसतं हात ठिवून हुबं ऱ्हाऊ नको. भार टाक अंगाचा. मी फोन धरलाय."

भावकू खाली बसला. शॉकअपचं टोक त्याने पुन्हा जोत्याला टेकवलं, छाती लावली आणि भार टाकून किल्ली फिरवू लागला. फोनमधून ती सांगत होती, दाब, आणखी दाब, सोडू नको. लग्न झाल्यापासून तिने भावकूला एकदाही अरेतुरे केलं नव्हतं. आज ती मष्णूला दटावत होती आणि भावकू मुकाट्याने दाबत होता. टोक बरगडीत रुतलं. आतली दांडी अडकली, आणि बोल्ट कटकन सैल झाला.

"सुटला?"

"सुटला."

"मग आता दुसरा घ्या."

भावकूने दुसऱ्या शॉकअपकडे पाहिलं. अंगणात अजून चांगलं ऊन होतं आणि एकट्याने दाबायची युक्तीही आता हाताला बसली होती.

"दुसरा उद्या," तो म्हणाला. "मष्णूला आता जायाचं हाय."

"उद्या कवा येणार त्यो?"

भावकूने किल्ली पोत्यावर ठेवली.

"तू सांग."